अकरा बायकांचं घर

आमच्या घरात दोन खोल्या, एक सासू, एक सून आणि एक कपाट आहे. पुरुष नाहीत. सासरे आणि माझा नवरा दोघेही शेजारी शेजारी फोटोत आहेत आणि तिथून त्यांनी आजवर कुणाला त्रास दिलेला नाही. असं असताना गेल्या वर्षी आरोग्य खात्याने ठरवलं की अख्ख्या शहरात बायकांसाठी सगळ्यात धोकादायक जागा कुठली असेल, तर ती आमचं घर. तसं रीतसर पत्रच आलं, शिक्क्यासकट.

चूक खात्याची नव्हती. खातं कधी चुकत नाही, हे मी खात्यात बावीस वर्षं काढून शिकले आहे. चूक माझी होती.

मी सरकारी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसते. पेशंट आला की नाव, वय, तक्रार टाईप करायची आणि नंबर काढून द्यायचा. खोकला, ताप, मोडलेलं हाड असेल तर पत्ता नसला तरी चालतं. पण बाईवर जबरदस्ती झाली असेल तर तिच्यासाठी वेगळा प्रोग्रॅम आहे. वरच्या लोकांनी तो फार कळकळीने करून घेतला आणि त्याला नाव दिलं 'संवेदनशील नोंद'. तो इतका संवेदनशील आहे की घर क्रमांकाच्या रकान्यापुढे लाल चांदणी आहे आणि तो रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. क्रमांक हाताने टाकता येत नाही. शहरातल्या सगळ्या इमारतींची यादी खाली उघडते, तिच्यातून एक निवडायचा. पुलाखालची जागा, बसथांब्यामागचा बाक असलं काही त्या यादीत नाही. यादी करणाऱ्यांना घरं होती, त्यामुळे त्यांच्या ते लक्षात आलं नसावं.

घोडं तिथेच अडायचं. रकाना नाही भरला तर नंबर नाही आणि नंबर नाही तर औषध नाही. आणि हे औषध वेळेचं फार पक्कं. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून पहिली गोळी बहात्तर तासांच्या आत पोटात जावी लागते, मग अठ्ठावीस दिवस एकही दिवस न चुकवता. आठवड्याला एक पाकीट मिळतं, दर वेळी नंबर दाखवून.

बेघर बाई आली की आमची ठरलेली पद्धत होती. तिला राहण्याचा पुरावा आणायला सांगायचं. ती 'बरं' म्हणून जायची आणि परत यायची नाही. महिन्याच्या शेवटी अहवाल जायचा, 'बेघर महिलांवरील अत्याचार: शून्य'. या शून्याबद्दल एकदा वरून आमचं अभिनंदन आलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी चहा घेतला होता. त्या चहात मीही होते, हे आधीच सांगितलेलं बरं.

मग एके दिवशी एक बाई खरोखरच पुरावा घेऊन परत आली. पुठ्ठ्याचा तुकडा होता. त्यावर कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, 'बाजारामागच्या पायऱ्या, वरून तिसरी'. खिडकीतून तो आत सरकवत तिने विचारलं, "एवढ्याने चालेल ना?" तिचे साठ तास होऊन गेले होते. मी पुठ्ठ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, यादी उघडली आणि माझ्या स्वतःच्या घराचा क्रमांक निवडला.

यादीत लाखभर घरं होती. शहाणी असते तर रोज वेगळं घर निवडलं असतं, म्हणजे कुणाला पत्ता लागला नसता. पण कारकुनाचं डोकं तसं चालत नाही. दुसऱ्याचा पत्ता टाकणं म्हणजे खोटी नोंद, आणि खोटी नोंद मी जन्मात केलेली नाही. स्वतःच्या घराचं निदान मी सांगू तरी शकते. पुढच्या पाच महिन्यांत आमच्या दोन खोल्यांत अकरा बायका राहायला आल्या आणि माझ्या सासूबाईंना त्याची खबरही नव्हती.

अकरावी होती गमबूट. खरं नाव तिने प्रोग्रॅमला सांगितलं, मी इथे सांगणार नाही. सगळे तिला गमबूटच म्हणायचे, कारण ऊन असो की पाऊस, पायात पुरुषी मापाचे काळे गमबूट. झोपतानाही काढत नाही म्हणायची. मी तिला आधीपासून ओळखत होते. थंडीत पायाची जखम घेऊन ती खिडकीवर आली होती, तेव्हा नंबराबरोबर मी तिला माझा नेहमीचा सल्लाही दिला होता. रस्त्यावर झोपू नकोस, आमच्या इमारतीमागे पेशंटच्या नातेवाइकांसाठी शेड आहे, वर छप्पर आहे, दारात वॉचमन आहे, खिडकीवाल्या बाईंनी पाठवलंय म्हणून सांग. हा सल्ला मी बेघर बायकांना सरसकट द्यायचे. औषध माझ्या हातात नव्हतं, सल्ला होता, आणि तो देऊन मला संध्याकाळचं जेवण चांगलं जायचं.

ती दुसऱ्यांदा आली तो शुक्रवार होता. तक्रार काय विचारल्यावर ती म्हणाली, "तीच. ज्याला घर लागतं ती." म्हणजे त्यांच्यात बातमी पसरली होती. मी घर दिलं, नंबर दिला, आतल्या सिस्टरने पहिली गोळी स्वतःच्या समोर गिळायला लावली. मी निश्चिंत झाले.

नेमका पुढच्याच आठवड्यात प्रोग्रॅमला नकाशा जोडला गेला. नकाशा म्हणजे आमच्या साथरोग अधिकाऱ्यांचा जीव की प्राण. त्यांच्या खोलीत भिंतभर पडदा आहे आणि त्यावर शहर पसरलेलं असतं. जुलाब हिरवे, कावीळ पिवळी. म्हणून आम्ही त्यांना नकाशासाहेब म्हणतो, अर्थात पाठीमागे. नकाशाचा नियम सोपा आहे. एका पत्त्यावर तीनपेक्षा जास्त नोंदी झाल्या की ती साथ, आणि अठ्ठेचाळीस तासांत पथक जागेवर गेलंच पाहिजे. हा नियम केला होता जुलाबांसाठी. नव्या नोंदींना वेगळा नियम करत बसण्यापेक्षा तोच लावला.

पडद्यावर आमचं घर बशीएवढं लाल झालं. बाजारामागच्या पायऱ्यांवर, पुलाखाली, बाकांवर वर्षानुवर्षं जे चाललं होतं ते सरकारला कधी दिसलं नव्हतं. पण एका पक्क्या बांधकामाच्या घरात ते होतंय म्हटल्यावर सरकारच्या तोंडचं पाणी पळालं.

पथक आलं तेव्हा मी कामावर होते. घरी सासूबाई एकट्या. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली आहेत आणि अजूनही समोरच्याला बसा म्हणण्याआधी "कोण, कुठून?" असं विचारतात. पथकात चार जण होते. एकाने नळाचं पाणी बाटलीत भरून घेतलं. दुसऱ्याने मोरीत पावडर टाकली. साथ म्हटल्यावर पाणी आणि मोरी हे ठरलेलंच आहे, कसली साथ हे विचारायची पद्धत नाही. तिसऱ्याने फॉर्म काढला.

"घरात पुरुष किती?"

"दोन."

"कुठे आहेत?"

"भिंतीवर."

त्याने भिंतीकडे पाहिलं आणि फॉर्मवर काहीतरी लिहिलं. चौथी समुपदेशन करणारी होती. ती सासूबाईंचा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाली, "मावशी, तुम्हाला या घरात सुरक्षित वाटतं का?"

"तुम्ही येईपर्यंत वाटत होतं," सासूबाई म्हणाल्या.

संध्याकाळी मी दारात चपला काढतेय तोच त्यांनी मला धरलं. "अगं, आपल्याकडे अकरा बायका राहतात म्हणे. त्यातली एखादी भांडी तरी घासायची."

मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "घर माझ्या नावावर आहे. पत्ता द्यायच्या आधी एका शब्दाने विचारायचं तरी." आणि आत निघून गेल्या. त्या रागावल्या की मुकाट होतात, आणि त्यांचं मुकाट होणं बोलण्यापेक्षा जड जातं.

सोमवारी नकाशासाहेबांनी मला बोलावलं. माझ्या नोकरीच्या फाईलवरचा पत्ता आणि पडद्यावरचा लाल डाग एकच आहे, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. साहेब वाईट माणूस नाहीत. आवाज चढवत नाहीत, सगळ्यांना 'अहो-जाहो' करतात, आणि माणसांपेक्षा त्यांना ठिपके जास्त कळतात, एवढंच.

"अहो बाई, हे काय करून बसलात तुम्ही? या बायका तुमच्याकडे राहत नाहीत."

"नाही साहेब."

"मग नोंदी खोट्या झाल्या. मी त्या अकरा रद्द करतो. साथ आपोआप आटोक्यात येईल. तुमच्यावरही काही येणार नाही."

मी मनात दिवस मोजले. गमबूटचं दुसरं पाकीट गुरुवारी संपत होतं. तिसरं शुक्रवारी मिळायचं होतं. नोंद रद्द म्हणजे नंबर रद्द आणि नंबर रद्द म्हणजे चौदा दिवसांच्या गोळ्या खाऊन पुढचे चौदा दिवस बोंब. ते औषध अर्धं घेणं म्हणजे अर्धी विहीर उडी मारून पार करण्यासारखं आहे. साहेब डॉक्टर आहेत, त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून तर ते माझ्याकडे न बघता पडद्याकडे बघत होते.

"साहेब, मी चुकीचं बोलले," मी म्हणाले. "राहतात. आमच्याकडेच राहतात."

"सगळ्या?"

"जशी जागा होईल तशा."

साहेबांनी बराच वेळ पेनाचं टोपण घातलं आणि काढलं. "मग मला स्वतः येऊन पाहावं लागेल. गुरुवारी दुपारी. राहणाऱ्या बायका घरात दिसल्या पाहिजेत, नाहीतर माझा नाइलाज आहे."

मंगळवारी आणि बुधवारी दुपारच्या सुट्टीत मी गमबूटला घेऊन माझ्या घरातल्या बायका शोधत फिरले. त्या कुठे असतात हे तिला ठाऊक होतं, निदान कुठे असायच्या हे तरी. पुठ्ठा आणणारी पायऱ्यांवर नव्हती. ती महिन्यापूर्वी गेली, असं शेजारची म्हणाली. गावाला गेली की देवाघरी, ते तिला नक्की माहीत नव्हतं. दोघींना पोलिसांनी गाडीत घालून शहराबाहेर सोडलं होतं, शहर स्वच्छ दिसावं म्हणून. एकीने मला ओळखलं आणि ती उठून पळाली. सहा सापडल्या नाहीत. गमबूट धरून पाच सापडल्या.

बुधवारी मी सासूबाईंना म्हणाले, "आई, उद्या पाच जणी येतील. दोन तासांचा प्रश्न आहे. तुम्ही शेजारी जाऊन बसा हवं तर."

"माझ्या घरात माणसं येणार आणि मी शेजारी बसू?" त्या म्हणाल्या. गुरुवारी त्यांनी सकाळपासून पाणी तापवलं, कपाटातल्या जुन्या साड्या काढल्या आणि पाचही जणींना एकेक करून आंघोळीला पाठवलं. माझ्याशी मात्र अजून बोलत नव्हत्या. गमबूट पावलं न भिजवता आंघोळ करून आली आणि बूट घालूनच चटईवर बसली.

साहेब एकटेच आले. दारात थबकले. चटईवर पाच बायका ओळीने बसलेल्या, केस ओले, हातात चहाचे कप. त्यांनी आयुष्यभर ठिपके पाहिले होते. ठिपके चहा पितात हे त्यांना नवीन होतं.

"बाकीच्या सहा?" त्यांनी विचारलं.

"कामाला गेल्यात," सासूबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि सरावाचं वाटलं.

साहेबांनी फॉर्म काढला. खोल्या किती, खिडक्या किती, माणशी जागा किती. पाणी उकळता का. घरात डास आहेत का. बायका एकमेकींकडे बघून उत्तरं देत होत्या. दोन पानं संपली, तिसरं सुरू झालं, आणि सासूबाईंचा संयम सुटला.

"अहो साहेब, मघापासून ऐकतेय. या कुठे राहतात, किती जणी राहतात, कशावर झोपतात. अहो, झालं कुठे ते विचाराल की नाही?"

साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "त्याला रकाना नाही, मावशी."

"मग पाठीमागे लिहा." आणि त्या गमबूटकडे वळल्या. एक्स्चेंजमध्ये विचारत असतील तशाच आवाजात, ना दया ना कुतूहल, त्यांनी विचारलं, "कुठे झालं गं?"

गमबूटने आधी माझ्याकडे पाहिलं. मग कपाकडे पाहत म्हणाली, "शेडमध्ये."

"कुठल्या?"

"दवाखान्याच्या मागच्या. नातेवाइकांच्या." थांबली. "वॉचमन कडी लावतो आतून. म्हणतो, फुकट झोपायला ही काय धर्मशाळा आहे का."

तिच्या शेजारची म्हणाली, "माझंही तिथेच." तिसरी नुसती मान हलवत राहिली. चौथीने तोंडाला पदर लावला आणि तीन बोटांनी काहीतरी दाखवलं. मला आधी कळलं नाही, मग कळलं. तीन वेळा. पाचवी पुलाखालची होती.

मी भिंतीला टेकून उभी होते. पाच महिने मी या बायकांना नाव, वय, घर विचारत होते. बावीस वर्षं ज्या खिडकीवर मी बसते तिथून शेडचं छप्पर दिसतं.

"मला का नाही सांगितलंस?" मी गमबूटला विचारलं.

"कुणी विचारलं नाही, ताई." मग जरा घाईने, मला समजावल्यासारखं, "आणि तुम्हीच पाठवलं होतंत ना तिथे. एवढं केलंत आमच्यासाठी. उगाच तुमच्या जिवाला लागलं असतं."

साहेबांनी फॉर्म पाठीमागून लिहायला घेतला आणि दोन ओळींनंतर पेन थांबवलं. "आमच्याच आवारातलं आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "हे असं एकदम लेखी आणता येणार नाही. मी आधी वरिष्ठांच्या कानावर घालतो." वरिष्ठांचे कान ही काय जागा आहे हे मला माहीत आहे. तिथे गेलेलं काही परत येत नाही. जाताना साहेब एवढं मात्र म्हणाले, की नोंदी तूर्त रद्द करत नाही, सोमवारपर्यंत. शुक्रवारचं पाकीट वाचलं. त्यापुढचं नाही.

शुक्रवारी सकाळी मी रोजच्यापेक्षा अर्धा तास आधी खिडकी उघडली. संवेदनशील नोंद चालू केली. यादीत शहरातल्या सगळ्या इमारती आहेत असं मी म्हटलं ना, त्यात आमचं रुग्णालयही आहे. चार जणींच्या नोंदीत 'पत्ता बदल' दाबून मी रुग्णालयाचा क्रमांक निवडला. प्रोग्रॅमने हू की चू केलं नाही. औषधाचे नंबर तेच राहिले. वरच्या मजल्यावर, साहेबांच्या पडद्यावर, आमचं स्वतःचं रुग्णालय लाल झालं. एका पत्त्यावर चार. तीनपेक्षा एक जास्त. आदेश प्रोग्रॅम आपला आपण काढतो, त्याच्या प्रती वरच्या कार्यालयांनाही त्याच क्षणी जातात, आणि तो परत घेण्याचं बटण करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

दहा मिनिटांनी साहेब खिडकीवर आले. हातात छापील पत्र, शिक्क्यासकट, आमच्या घरी आलं होतं तसंच.

"बाई, हे तुम्ही केलंत?"

"हो साहेब. नोंद चुकली होती. पत्ता बरोबर केला."

ते पत्राकडे पाहत उभे राहिले. त्यांच्यामागे रांग वाढत होती. "सिस्टरना सांगा, चौघींचे जबाब आजच घ्या," ते शेवटी म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता गेले. त्या वेळी ते मला पहिल्यांदा डॉक्टर वाटले.

पथक आलं. पाण्याच्या बाटल्या भरल्या, शेडच्या गटारात पावडर टाकली. चौघींचे जबाब झाले. वॉचमनला पोलीस घेऊन गेले, आणि जाताना तो मला म्हणाला, "तुम्हीच पाठवायचात की त्यांना, बाई." पंधरा दिवसांत साथ आटोक्यात आल्याचा अहवाल गेला. उपाय काय केला, तर शेडला बाहेरून कुलूप घातलं. आता तिथे कुणी झोपत नाही, म्हणजे कुणाला काही होत नाही. ज्या तिथे झोपायच्या त्या आता कुठे झोपतात, त्याला रकाना नाही. आमचं पुन्हा अभिनंदन झालं. मी चहा घेतला नाही.

गमबूटने अठ्ठावीस गोळ्या पुऱ्या केल्या. शेवटची तिने आमच्या घरी सासूबाईंसमोर घेतली, कारण त्या गुरुवारी ती आली ती गेलीच नाही. सासूबाईंनी तिला जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही, फक्त दुसरी उशी काढली. माझ्या जुन्या नोंदींतल्या अकरांपैकी एक आता खरी आहे.

ती बाहेरच्या खोलीत झोपते, बूट घालून. सासूबाई रोज म्हणतात, "काढ गं ते, पाय कुजतील." ती म्हणते, "बघू." मी काही म्हणत नाही. कुणाला कुठे झोप आणि कशी झोप हे सांगणं मी सोडून दिलं आहे.